कानाचा जबाब

हुपरीची मंडळी पोहे खाऊन, समृद्धीला पसंत करून गेली आणि तिसऱ्या दिवशी त्यांचा निरोप आला, की बाकी सगळं जुळलंय, आता मुलीच्या कानाची चिठ्ठी तेवढी पाठवा.

सन दोन हजार त्रेचाळीसमध्ये हे कुणाला वावगं वाटत नव्हतं. आधी पत्रिका मागत, मग रक्तगट मागू लागले, आता कानाची चिठ्ठी. कायद्यानं तिला बंदी होती, म्हणून कागदावर नुसतं ‘श्रवण तपासणी’ असं छापलेलं असे आणि खालच्या कोपऱ्यात पेनानं एक आकडा लिहिलेला असे. आकडा पन्नासच्या वर असला की पोरीचे कान सुस्वर आहेत म्हणायचे. मग मंडळी तारखा बघायला लागत.

समृद्धीचा आकडा आला अठरा.

तिच्या वडिलांनी, उत्तमनं, ती चिठ्ठी दोनदा वाचली, घडी घालून खिशात टाकली, आणि तळमजल्यावरच्या कारखान्यात जाऊन सहाच्या सहा माग सुरू केले. घराला लगेच तो ओळखीचा हादरा बसला. मांडणीतली भांडी बारीक थरथरायला लागली. इचलकरंजीत आता धोट्याचे माग फारसे कुठं राहिले नव्हते. हवेवर चालणारे, कुजबुजल्यासारखा आवाज करणारे नवे माग गावभर आले होते. पण धोटा इकडून तिकडे धावत कापडाचा काठ जसा बांधून काढतो, तसा तो नव्या मागावर निघत नाही. म्हणून परदेशातले काही हौशी लोक अजून तेच कापड मागत, आणि उत्तमसारखी पाच-सहा घरं त्यावर टिकून होती.

जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून मालनआत्ती हे बघत होती. उत्तमच्या वडिलांची ही बहीण. वय बहात्तर. नवरा लग्नानंतर आठव्या वर्षी काविळीनं गेला, मूलबाळ नव्हतं. तेव्हापासून ती भावाच्या घरी, आणि भाऊ गेल्यावर भाच्याच्या. घरातली सगळी, नात लागणारी समृद्धीसुद्धा, तिला आत्तीच म्हणत. तिला ऐकू जवळजवळ येत नव्हतं, जवळून मोठ्यानं बोललं तर तेवढं कळे. तरी आकडा अठरा आला हे तिला केव्हाच समजलं होतं, कारण उत्तमच्या बायकोनं, वैजयंतानं, तो नुसता ओठांनी पुटपुटला होता. ओठ वाचण्यात आत्तीची बरोबरी करणारं त्या घरात कुणी नव्हतं.

हा आकडा कसला, ते सांगायला हवं. कान नुसता ऐकत नाही, कान बोलतोही, हे डॉक्टरांना साठ-पासष्ट वर्षांपूर्वीच कळलं होतं. कानाच्या अगदी आत गोगलगाईच्या शंखासारखी एक नळी असते आणि तिच्यात केसांसारख्या बारीक पेशींच्या रांगा असतात. बाहेरून आवाज आला की त्यातल्या काही पेशी नाचतात आणि तो आवाज वाढवून मेंदूकडे पाठवतात. नाचता नाचता त्या स्वतःचाही एक आवाज करतात. तो कानातून उलटा बाहेर येतो, पण इतका हळू, की खास यंत्राशिवाय कुणाला ऐकू येत नाही. बायकांच्या कानातून तो पुरुषांपेक्षा जरा जास्त येतो, अगदी जन्मल्यापासून. पोटात असताना बाळाला जे स्राव मिळतात त्यांचा हा परिणाम असावा, असं शास्त्रज्ञ म्हणत. आणि पुढं त्यांना आणखी एक गोष्ट दिसली. ज्या बायकांना बायकांचीच ओढ असते, त्यांच्या कानाचा आवाज सरासरीनं किंचित कमी भरतो. किंचितच. शंभर जणींना दोन्हीकडं उभं केलं तरच दिसावा, एवढा तो फरक.

पण पाच वर्षांपूर्वी कुणीतरी कानाचा हा आवाज, बोटांची लांबी आणि गालाच्या आतून घेतलेली लाळ, अशा तिन्हींचा मेळ घालून एक यंत्र काढलं. यंत्र म्हटलं की आकडा आला. आकडा म्हटला की लग्न जमवणारे आले.

समृद्धीला बघायला मंडळी आली होती त्या दिवशी एक मजा झाली होती. मागवाल्यांच्या घरात ओठांची बोली असते. कारखान्यात माग चालू असताना कानात तोंड घालून ओरडलं तरी ऐकू येत नाही, म्हणून माणसं आवाज न करता नुसते ओठ हलवून, हातानं थोडं सावरून बोलतात. सगळं बोलतात. भांडतातही. त्या दिवशी मुलाची आई सोफ्यावर बसून पैंजणांच्या धंद्याचं सांगत होती आणि तिच्या दोन्ही बाजूंनी, डोक्यावरून, घरच्यांचं बिनआवाजी बोलणं चाललं होतं. वैजयंता ओठांनी म्हणत होती, पोह्यात मीठ जास्त झालंय, कुणी सांगू नका. उत्तम म्हणत होता, तिच्या बांगड्या बघितल्यास का. आत्ती म्हणाली, पोराचे दात चांगले हाईत, आईला कधी एकदा खपवतीय असं झालंय. समृद्धीला हसू आवरेना, आणि मुलाच्या आईला वाटलं मुलगी हसतमुख आहे. पसंती तिथंच झाली.

मंडळी गेल्यावर मात्र आत्तीनं आणखी काही बघितलं. ती गॅलरीत उभी होती. रस्त्याच्या पलीकडं सूतगिरणीची छोटी विजेची गाडी थांबली होती आणि तिच्याशी टेकून मगदुमांची कावेरी उभी होती. कावेरी गिरणीत यंत्रं दुरुस्त करायची. पायात जाड बूट, खिशात पाना. अलीकडं, फाटकापाशी, समृद्धी. मध्ये रस्ता, रिक्षा, दुधाची गाडी. दोघी ओठांनी बोलत होत्या. म्हणजे समृद्धीनं तिला ही बोली शिकवली होती. आत्तीनं सवयीनं वाचायला सुरुवात केली, तोच समृद्धीनं उजवा हात उचलून गालाशी आडवा धरला. तळवा घराकडं, ओठ कावेरीकडं.

तो आडवा हात आत्तीचा होता, तिच्याच जुन्या गोष्टींतून पोरीनं उचललेला.

त्याच संध्याकाळी कारखान्यात ती कांड्या भरायला बसली. तिला कुणी बस म्हणत नसे, पण रोज तासभर कांडीच्या यंत्रावर बसल्याशिवाय तिला जेवण जात नव्हतं. सुताचा गुंडा रिकामा होत जातो, लाकडाची कांडी भरत जाते, भरली की काढून धोट्यात घालायला ठेवायची. समृद्धी समोर येऊन बसली. माग सगळे चालू होते.

“कोण ती?” आत्तीनं ओठांनी विचारलं.

समृद्धीचा चेहरा उतरला. “तू वाचलंस?”

“हात आडवा धरलास. कसं वाचू? म्हणून तर कळलं.”

पोरीनं खाली बघितलं, पण लगेच पुन्हा वर बघितलं, कारण या बोलीत खाली बघणं म्हणजे बोलणं तोडणं. आत्तीनं विचारलं, किती दिवस? ती म्हणाली, तीन वर्षं. आत्तीनं विचारलं, बापाला? समृद्धीनं नाही म्हणून मान हलवली. पप्पा मरतील, असं काहीतरी म्हणाली. आत्ती म्हणाली, असं कुणी मरत नाही. तिनं भरलेली कांडी काढली, नवी लावली, आणि ती पंचावन्न वर्षं मागं गेली.

तांबेकरांच्या कारखान्यात तेव्हा चोवीस माग होते. मालन सतरा वर्षांची. तिच्या यंत्राच्या बरोबर समोर लगमाचं यंत्र. लगमा अथणीकडची, वडील कामासाठी इकडं आलेले, घरात कानडी. ओठांवर तिची कानडी आणि मराठी एकात एक मिसळून जायची आणि मालनला दोन्ही समजायच्या. दिवसभर दोघी बोलत. भाकरीबरोबर काय आणलंय इथपासून मुकादमाच्या मिशांपर्यंत. बाकीच्या कांडीवाल्या वाचतात म्हणून लगमानंच ती युक्ती काढली होती, हात गालाशी आडवा धरायची. मग त्या हाताआड फक्त दोघींचं जग. कामाची पाळी सुटली की अंगावर, केसांत सुताचा पांढरा भुरा साचलेला असे. दारात उभं राहून लगमा मालनच्या केसांतला भुरा वेचायची, मालन लगमाच्या. बारीक काम. घाई करायची नाही.

आठवड्यात एक दिवस वीज बंद असे. त्या दिवशी माग थांबत, तरी साफसफाईला यावं लागे, आणि कारखान्यात अशी शांतता पसरे की दोघी एकमेकींना लाजत. सगळा आठवडा न थांबता बोलणाऱ्या त्या पोरी, खरा आवाज काढायची वेळ आली की गप्प व्हायच्या. म्हणून मालनला लगमाचा आवाज आता आठवत नव्हता. ओठ आठवत होते. खालचा ओठ जरा डावीकडं ओढला जायचा, तो.

मग लगमाचं लग्न ठरलं, तिकडं अथणीलाच. शेवटच्या दिवशी ती यंत्रावर बसली नाही, पलीकडं नुसती उभी राहिली. तिनं हात गालाशी धरला आणि बोलायला लागली. पहिला शब्द मालननं वाचला. तो तिचंच नाव होता. आणि तिनं मान खाली घातली. कांडी भरत राहिली. पुढचं वाचलं असतं तर उत्तर द्यावं लागलं असतं, आणि उत्तर तिला स्वतःलाही ऐकायचं नव्हतं. त्या गोंगाटात मान खाली घालणं म्हणजे दार लावून घेणं. लगमा किती वेळ बोलत होती कुणास ठाऊक. मालननं वर बघितलं तेव्हा समोरच्या यंत्रावर दुसरीच बाई बसत होती. वर्षाच्या आत मालनचंही लग्न झालं. नवरा भला होता, कधी हात उचलला नाही. पण त्याच्याशी बोलताना तिला कधी हात आडवा धरावासा वाटला नाही.

चिठ्ठी आल्यावर चौथ्या दिवशी उत्तम एक तोडगा घेऊन आला. त्याला कुणीतरी सांगितलं होतं, की मागाच्या आवाजानं कान खराब झाले तरी आकडा खाली येतो. डॉक्टरांकडून तसं लिहून आणलं की चिठ्ठी रद्द. समृद्धी पाळण्यात होती तेव्हापासून मागांच्या डोक्यावरच झोपली होती, हे सांगायला घरातलं मोठं माणूस हवं, आणि त्याच घरातल्या दुसऱ्या बाईचा कानही तपासायला हवा. म्हणजे आत्तीचा. उत्तम पाया पडायच्या बेतानंच सांगत होता. तो वाईट माणूस नव्हता. पोरीचं नाव गावात चघळलं जाऊ नये, एवढंच त्याला हवं होतं. त्यानं तिला खांद्यावर घेऊन माग शिकवला होता.

आत्तीनं समृद्धीकडं बघितलं. पोर भिंतीकडं बघत होती. आत्तीला एक गोष्ट लख्ख दिसली. ती जे सांगणार ते शब्दन् शब्द खरं असणार होतं, आणि त्याच खऱ्यावर पोर हुपरीला जाणार होती. नाही म्हणावं, तर अठराचा आकडा गावभर फिरणार होता.

“येते,” ती म्हणाली.

डॉक्टर फरीदा जमादार यांचा दवाखाना स्टँडपासून जवळ होता. पन्नाशीच्या बाई. त्यांचे वडीलही मागावरच होते, त्यामुळं आत्तीशी बोलताना त्या समोर बसल्या, तोंडावरचा मास्क काढला आणि ओठ नीट हलवले. आत्तीला त्या तिथंच आवडल्या. त्यांनी आत्तीच्या कानात बोराएवढं रबरी बूच बसवलं. त्यातून टकटक आवाज जातो आणि कान काय उत्तर देतो ते यंत्र ऐकतं, असं त्यांनी सांगितलं. पडद्यावर हिरवी रेघ उमटली. ती सरळ गेली ती सरळच राहिली.

“काही नाही?” आत्तीनं विचारलं.

“काहीच नाही, आत्ती. सगळ्या पेशी मागानं खाल्ल्या.”

“पन्नास वर्षं बोलून दमला आसंल बिचारा.”

डॉक्टर हसल्या. मग त्यांनी समृद्धीचाही कान तपासला आणि उत्तमला समजावलं. कमी ऐकू यायला लागण्याच्या कितीतरी आधी हा आवाज मंदावतो, त्यामुळं समृद्धीला नीट ऐकू येत असलं तरी तिचा कान बिघडलेला असू शकतो, आणि तो बिघडलेलाच आहे. बोटं आणि लाळ धरूनसुद्धा, कानाशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. त्या पुढं म्हणाल्या, की विद्यार्थिनी असताना पुण्यात त्यांनी स्वतः हे कान मोजले होते. हजारभर बायकांचे. “आम्हाला एवढंच बघायचं होतं, की निसर्ग हे कसं घडवतो. कुणी म्हणू नये की ही थेरं आहेत, संगत आहे. आम्हाला वाटलं, जन्मजात आहे म्हटल्यावर लोक पोरींना त्रास द्यायचं सोडतील. आम्ही हजारांची सरासरी काढली, आणि लोकांनी एकेकीचा निकाल लावला.”

उत्तम बाहेरच्या टेबलापाशी कागदावर शिक्का घ्यायला गेला, समृद्धीही त्याच्यामागं. आत्ती खुर्चीतच बसून राहिली. तिनं डॉक्टरांना हळूच विचारलं, “माझा आकडा किती असता हो? माग लागायच्या आधी?”

डॉक्टरांनी तिच्याकडं नीट बघितलं. “आता ते कळायचा मार्ग राहिला नाही, आत्ती. का?”

“आसंच.”

“जाणून घ्यायला यंत्र लागतंच असं नाही,” डॉक्टर म्हणाल्या. आत्तीनं ते वाचलं आणि पदर सारखा केला.

उत्तम खूष होऊन आत आला. तेव्हा डॉक्टरांनी त्याला शेवटचं सांगितलं, कारण ते लपवणं त्यांना बरोबर वाटत नव्हतं. हुपरीची मंडळी हुशार असतील तर आणखी एक मागतील. समृद्धी जन्मली तेव्हा प्रसूतिगृहात, इतर बाळांसारखाच, तिचाही कान तपासला होता. माग ऐकायच्या आधीचा. ती नोंद जिल्ह्याच्या साठ्यात जपलेली असते. पण ती आता सज्ञान आहे. तिची सही असेल तरच उघडते. आणि उघडली तरी तो सरासरीचाच खेळ आहे, त्यातून कुणाचं मन दिसत नाही.

उत्तमनं अर्ज समृद्धीपुढं सरकवला. आकडा चांगला निघाला तर प्रश्नच मिटला, असं म्हणाला. पेन काढून टोपण उघडून दिलं. समृद्धीचे हात मांडीवर होते. ते तिथंच राहिले.

मालनआत्तीनं आयुष्यात फार कमी वेळा मोठा आवाज काढला होता. आपला आवाज किती मोठा निघतो ते तिला कळत नसे, म्हणून ती जपून बोलायची. आता तिनं जपलं नाही.

“उत्तम, मशीन झालं, कागूद झाला, माझ्या कानाचा जबाब पण घेतलास. जिचं लगीन हाय तिला इचारलंस?”

“विचारलंय की आत्ती. ‘तुमची इच्छा’ असं म्हणाली.”

“मला बी इचारलं हुतं. मी बी तसंच म्हटलं हुतं.”

बाहेरच्या खोलीतली माणसं काचेतून आत बघायला लागली. उत्तमनं पेनाचं टोपण लावलं. अर्ज त्यानं टेबलावरच ठेवला आणि चला म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी माग नेहमीसारखे सुरू झाले. आत्ती कांडीच्या यंत्रावर होती. समृद्धी जिन्यावरून उतरली, मागांच्या रांगेला वळसा घालून पलीकडच्या टोकाला गेली आणि वडिलांच्या बरोबर समोर उभी राहिली. मध्ये सहा माग धडधडत होते. तिनं हात खालीच ठेवला. गालाशी धरला नाही. ज्याला वाचायचं त्यानं वाचावं, अशी ती उभी होती.

“पप्पा,” तिचे ओठ म्हणाले, “मला हुपरीला जायचं नाही.”

उत्तमनं वाचलं. काय झालं, असं त्यानं हातानं विचारलं.

“कुठल्याच घरी जायचं नाही. माझं—”

तेवढ्यात तिसऱ्या मागाचा धागा तुटला. धागा तुटला की मागवाल्याची नजर आपोआप तिकडं वळते. पिढ्यानपिढ्यांची सवय. उत्तमची मान वळली, हात धाग्याकडं गेला, आणि आत्तीनं बघितलं की धागा हातात आला तरी तो मान वर करत नाहीये. गाठ मारायला एवढा वेळ लागत नाही. पलीकडं पोरीचे ओठ हलत होते आणि इकडं तो त्या धाग्यात डोकं घालून बसला होता. ती मान आत्तीच्या ओळखीची होती. तशी ती एकदा स्वतःच घालून बसली होती.

हाक मारून काही उपयोग नव्हता. तिनं टोपलीतली रिकामी कांडी उचलली आणि नेम धरून फेकली. ती उत्तमच्या खांद्याला लागली. तो दचकून वळला.

“वर बघ,” आत्तीचे ओठ म्हणाले. “आत्ताच बघ. मागनं बघायला मिळत न्हाई.”

उत्तमनं आत्तीकडं बघितलं. मग पोरीकडं. समृद्धी थांबली होती. तिनं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. कावेरीचं नाव सांगितलं. तीन वर्षं सांगितली. तो अर्ज भरणार नाही म्हणाली, आकडा शंभर निघाला तरी नाही, कारण जे तिला माहीत आहे ते तिला माहीत आहे. तिचे डोळे वाहत होते पण ओठ स्पष्ट होते, लहानपणी त्यानंच शिकवले होते तसे. तिसरा माग तुटक्या धाग्यानिशी चालत राहिला आणि कापडात एक लांब फट पडत गेली. उत्तमला ती दिसत होती. त्यानं ती पडू दिली.

तिचं सांगून झालं तेव्हा त्यानं एकेक करून माग बंद केले. सहावा थांबला आणि शांतता अशी आली, की आत्तीलासुद्धा ती पायांतून जाणवली.

उत्तम बराच वेळ हात पुसत होता. मग म्हणाला, “मगदुमांची म्हणजे गिरणीतली? दुरुस्तीवाली?”

“हो.”

“धोट्याचे माग जमतात का तिला?”

“जमतात.”

“तिसऱ्याचं काहीतरी बिनसलंय. येऊन बघून जा म्हणावं.” तो जिन्याकडं गेला, पायरीवर थांबला. “मला जरा वेळ लागंल, समू. लगेच हसायला सांगू नको.” आणि वर जाऊन त्यानं हुपरीला फोन लावला. कानाबद्दल तो एक शब्द बोलला नाही. मुलीची इच्छा नाही, एवढंच म्हणाला. पलीकडून बरंच काही बोललं जात होतं. तो ऐकून घेत राहिला.

रविवारी कावेरी आली. वैजयंता स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही, पण चहा मात्र तिनं पाच कप केला, आणि पाचवा कप कुणाचा ते कुणी विचारलं नाही. कावेरी दोन तास तिसऱ्या मागाखाली होती. उत्तम शेजारी उभा राहून पाना, हातोडी देत होता आणि तिच्या तोंडाकडं न बघता तिच्या हातांकडं बघत होता. हात चांगले होते, हे त्याला मानावं लागलं. ती बाहेर निघाली तेव्हा तिच्या केसांत सुताचा पांढरा भुरा भरला होता. दारात समृद्धीनं सहज हात नेला आणि तो वेचायला लागली.

आत्ती बघत होती. मग ती उठून त्यांच्याजवळ गेली.

“तुझी ती गाडी अथणीपर्यंत जाती का गं?” तिनं कावेरीला विचारलं.

कावेरी म्हणाली, एकदा चार्ज केली की जाऊन येऊन सहज होईल. समृद्धीनं विचारलं, अथणीला कोण आहे. आत्तीनं नाव सांगितलं. नुसतं नाव, पुढचं काही नाही. समृद्धीला ते नाव लहानपणापासूनच्या गोष्टींतून ठाऊक होतं. आडव्या हाताच्या गोष्टी. तिनं आत्तीकडं बघितलं. मग जवळ येऊन, ओठ नीट हलवत म्हणाली, “आत्ती, पन्नास वर्षं झाली. असतील का त्या? आणि असल्या तरी त्यांनाही आता ऐकू येत नसणार.”

“आमाला कधी लागलं हुतं ऐकू यायला?” आत्ती म्हणाली.

आणि उजवा हात उचलून तिनं गालाशी आडवा धरून बघितला. तो अजून बरोबर त्याच जागी बसत होता.